पालघर-तारापूर किनाऱ्यावरील जलचरांचे अनुकूलन : इतिहासाची साधने आणि एक प्रश्न

(१) प्रश्नाचे स्वरूप

समुद्राचे पाणी तापत चालले आहे याविषयी अभ्यासकांत आता मतभेद उरलेला नाही. भारत सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या हवामानविषयक अहवालाप्रमाणे १९५१ ते २०१५ या काळात उष्ण कटिबंधातील हिंदी महासागराच्या पृष्ठजलाचे उष्णतामान सरासरीने सुमारे १ अंश सेल्सिअसने वाढले. मतभेद आहे तो याच्या पुढील पायरीवर. किनाऱ्यालगतचे जीव या वाढत्या उष्णतेशी जुळवून घेतील काय, घेतील तर कोणत्या वाटेने, आणि त्या वाटेवर त्यांची हानी किती होईल, हे प्रश्न अद्याप मोकळेच आहेत. प्रस्तुत लेखात त्यांचा विचार एका लहानशा प्रदेशापुरता करावयाचा आहे. उत्तरेस डहाणू-वाढवणपासून दक्षिणेस केळवे-दातिवऱ्यापर्यंतचा, मध्ये चिंचणी, तारापूर, नवापूर, मुरबे आणि सातपाटी ही गावे सामावणारा किनारा हा आपला विषय होय.

हा किनारा निवडण्यास दोन कारणे आहेत. पहिले असे की, येथील मासेमारी जुनी असून मांगेला, कोळी, वैती इत्यादी समाजांची उपजीविका पिढ्यानपिढ्या तीवर चालत आली आहे. साहजिकच समुद्रातील फेरबदलांची जाण येथे पुष्कळ लोकांना आहे. दुसरे असे की, १९६९ पासून तारापूर येथे अणुवीजकेंद्राचे तापलेले पाणी समुद्रात सोडले जात आले आहे. जी उष्णता हवामानबदलामुळे शंभर वर्षांत यावयाची, तिच्याहून अधिक उष्णता किनाऱ्याच्या एका लहान पट्ट्यास येथे एकाएकी मिळाली. निसर्ग आणि मनुष्य यांनी मिळून मांडलेला असा प्रयोग महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर अन्यत्र इतक्या दीर्घकाळ क्वचितच पाहावयास मिळेल.

प्रश्न केवळ विद्वत्तेचा नाही. मासळी कमी झाली की तिचे खापर कोणी वीजकेंद्रावर फोडतो, कोणी बोईसरच्या कारखान्यांवर, कोणी यांत्रिक नौकांवर, तर कोणी हवामानावर. यांतील प्रत्येक पक्ष दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळा होऊ शकतो. कोणत्या कारणाचा वाटा किती, हे ठरविण्याची पद्धत आपल्यापाशी नसेल, तर ज्याची बाजू दुबळी त्याचे म्हणणे ऐकले जात नाही. किनाऱ्यावर दुबळी बाजू बहुधा लहान मच्छीमाराची असते.

आरंभीच एका शब्दाचा अर्थ निश्चित करून घेतला पाहिजे. ‘अनुकूलन’ या एकाच शब्दाने आपण तीन निरनिराळ्या घडामोडींचा निर्देश करीत असतो. एखादा प्राणी स्वतःच्या आयुष्यात शरीरव्यापार बदलून नव्या परिस्थितीत तग धरतो, त्यास समायोजन म्हणावे. एखादी जात आपले स्थान, खोली किंवा ऋतू बदलते, त्यास स्थलांतर म्हणावे; काळातील स्थलांतरही यात येते. आणि अनेक पिढ्यांच्या निवडीतून जातीच्या आनुवंशिक घडणीतच फरक पडतो, त्यास उत्क्रांती म्हणावे. पहिलीस दिवस वा आठवडे लागतात, दुसरीस वर्षे, तिसरीस पिढ्या. या तिहींची गल्लत झाली म्हणजे ‘समुद्र सांभाळून घेईल’ यासारखी विधाने सहज केली जातात.

(२) साधने आणि त्यांच्या मर्यादा

या किनाऱ्याच्या राजकीय इतिहासास साधनांची वाण नाही. चिंचणी येथे सापडलेल्या ताम्रपटांपैकी राष्ट्रकूटकालीन पट शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा आहे. त्यात संजान मंडलाचा कारभार पाहणाऱ्या अरब अधिकाऱ्याचा आणि जलप्रवाहांवर लोकांसाठी घातलेल्या मोफत तरीचा उल्लेख येतो. राजवाडे यांनी १९२४ साली प्रसिद्ध केलेली महिकावतीची बखर आहे. पोर्तुगीज अमदानीतील किल्ले आहेत. १७३९ सालच्या मराठ्यांच्या मोहिमेचे कागद आहेत. या सर्वांत बंदरे, देवस्थाने, वतने आणि लढाया आहेत. समुद्रातील जिवांविषयी मात्र त्यांत जवळजवळ काहीच नाही. जे करास पात्र होते त्याची नोंद झाली. पाण्याखाली जे होते त्याची झाली नाही.

जिवांची नोंद एकोणिसाव्या शतकात सुरू होते, आणि तीही प्रथम नामकरणाच्या रूपाने. या किनाऱ्याची ओळख बनलेला बोंबील शास्त्राच्या दप्तरात दाखल झाला तो गंगेच्या मुखाकडून: फ्रान्सिस हॅमिल्टन याने १८२२ साली गंगेतील माशांवरील ग्रंथात त्याचे वर्णन केले. फ्रान्सिस डे याचा भारतातील माशांवरील बृहद्ग्रंथ १८७५ ते १८७८ या काळात निघाला. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमालेतील ठाणे जिल्ह्याचा खंड १८८२ चा. तेव्हा पालघरचा सारा प्रदेश त्या जिल्ह्यात होता आणि १ ऑगस्ट २०१४ पर्यंत तो तेथेच राहिला. सॉर्ली यांचा मुंबई इलाख्यातील सागरी मत्स्यव्यवसायावरील अहवाल १९३३ चा. पुढील वर्षी सुंदरलाल होरा यांनी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात बोंबलावर लिहिले. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ च्या फेब्रुवारीत, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था स्थापन झाली आणि पकडीची पद्धतशीर मोजणी पुढे तिने हाती घेतली. त्याच संस्थेच्या मालेत १९७० साली बापट यांचा बोंबलावरील प्रबंध प्रसिद्ध झाला. त्याची उपयुक्तता आजही टिकून आहे.

या साधनांच्या मर्यादा ध्यानात ठेवणे अवश्य आहे. त्यांतील आकडे पकडीचे आहेत, समुद्रातील मासळीचे नाहीत. शिडाची होडी गेली आणि यंत्राची नौका आली, सुताचे जाळे जाऊन नायलॉनचे आले, बर्फाची सोय झाली, तसा मच्छीमार अधिक दूर व अधिक खोल जाऊ लागला. अशा काळात पकड स्थिर राहिली तर त्याचा अर्थ मासळी स्थिर राहिली असा होत नाही. कदाचित तेवढीच मासळी आणावयास दुप्पट श्रम पडत असतील. तसेच एखाद्या जातीची पकड एखाद्या बंदरी वाढली, तर ती जात तेथे नव्याने आली की तिला तेथे नव्याने बाजार मिळाला, हे केवळ आकड्यावरून कळत नाही. अनुकूलनाचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास ही अडचण प्रत्येक पावलावर भेटते.

(३) किनाऱ्याचे पूर्ववृत्त

या किनाऱ्यावरील जिवांनी हवामानाचे फेरबदल पूर्वी पाहिलेच नाहीत असे नव्हे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्याहून सुमारे १२० मीटरनी खाली होती. मुंबई-खंभातसमोरची समुद्रबूड जमीन ही भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील सर्वांत रुंद, सुमारे ३०० किलोमीटर. म्हणजे आज जेथे सातपाटीच्या नौका जाळी टाकतात, त्यातील पुष्कळसा भाग त्या काळी कोरडा होता आणि किनारा पश्चिमेस फार दूर होता. बर्फ वितळू लागल्यावर पाणी चढत चढत सुमारे सात-आठ हजार वर्षांपूर्वी आजच्या पातळीच्या जवळ आले. तिवरे, कालवे, चिंबोऱ्या आणि निवट्या ही सारी खाडीची प्रजा या चढत्या पाण्याच्या काठाकाठाने पूर्वेकडे सरकत आली. त्यांच्या वाटेत तेव्हा भिंत नव्हती.

भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील जीवन हे मुळातच अतिरेकांचे जीवन आहे. उत्तर कोकणात उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतील अंतर मोठे, सुमारे पाच मीटरपर्यंत असते. भांगाच्या दिवसांत ते पुष्कळ कमी होते. ओहोटीस उघड्या पडलेल्या खडकावर उन्हाळ्यातील दुपारी जो ताप असतो, तो समुद्राच्या पाण्यास कधीच चढत नाही. पावसाळ्यात सूर्या-वैतरणेचे गोडे पाणी खाड्यांतून लोटते तेव्हा क्षारता एकदम उतरते. अशा जागी राहणारे कालव शिंपले घट्ट मिटून घेते आणि प्राणवायूवाचून काही काळ निर्वाह करते. खडकावरील लहान गोगलगाय दार लावून शिंपल्यात बसते. निवटी चिखलातील बिळात शिरते आणि हवेतूनही श्वास घेऊ शकते. तिवर पानांवाटे मीठ बाहेर टाकते आणि चिखलाबाहेर काढलेल्या मुळ्यांनी श्वसन करते. पेशींच्या पातळीवर पाहता, उष्णतेने प्रथिनांची घडी विस्कटू लागताच ती सावरणारी विशेष प्रथिने तयार होतात. या प्रतिक्रियेचा पहिला मागोवा इटालियन शास्त्रज्ञ रितोस्सा यांना १९६२ साली फळमाशीच्या पेशींत लागला आणि पुढे ती जवळजवळ सर्व सजीवांत आढळली.

यावरून असे वाटणे स्वाभाविक आहे की, जो जीव इतका ताप सोसतो त्यास आणखी एका अंशाचे काय भय? पण अनुमान उलट निघते. स्टिलमन यांनी खडकाळ किनाऱ्यांवरील खेकड्यांच्या एका वंशावर केलेले आणि २००३ साली प्रसिद्ध झालेले संशोधन या दृष्टीने महत्त्वाचे आहे. ज्या जाती सर्वाधिक उष्णता सोसतात, त्यांच्यापाशीच समायोजनाची उरलेली शक्ती सर्वांत कमी असते, असे त्यांना आढळले. अशा जाती आपल्या सहनशक्तीच्या टोकाशीच राहत असतात. शीत कटिबंधातील प्राण्यास वरच्या बाजूस जशी मोकळीक असते तशी यांना नसते. उष्ण कटिबंधातील किनाऱ्याविषयी आपण निश्चिंत का राहू नये, याचे हे पहिले कारण.

(४) तारापूरचे तापलेले पाणी

तारापूर येथील पहिल्या दोन अणुभट्ट्यांचे व्यापारी उत्पादन १९६९ च्या ऑक्टोबरात सुरू झाले. भारतातील हे पहिले अणुवीजकेंद्र १९ जानेवारी १९७० रोजी राष्ट्रास अर्पण करण्यात आले. प्रत्येकी २१० मेगावॉटची ही यंत्रे पुढे १६० मेगावॉटवर आणण्यात आली. त्यानंतर २००५ आणि २००६ साली प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या आणखी दोन अणुभट्ट्या तेथे चालू झाल्या. अशा केंद्रांत निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी सुमारे एक-तृतीयांश विजेत रूपांतरित होते. उरलेली, म्हणजे विजेच्या सुमारे दुप्पट किंवा थोडी अधिक उष्णता, वाफ थंड करणाऱ्या समुद्राच्या पाण्याबरोबर बाहेर जाते. तारापूरची जागा निवडताना समुद्राचे विपुल पाणी जवळ असणे ही एक मोठी सोय होती.

गरम पाणी हलके असल्याने प्रथम पृष्ठभागावर पसरते. भरतीबरोबर ते एका दिशेस आणि ओहोटीबरोबर दुसऱ्या दिशेस लोटले जाते, आणि जसजसे मिसळत जाते तसतसा त्याचा ताप उतरतो. त्यामुळे परिणामाचे क्षेत्र ठराविक वर्तुळाचे नसून तास, तिथी आणि वारा यांप्रमाणे बदलणारे असते. तरता मासा या पट्ट्यातून निघून जाऊ शकतो. खडकास चिकटलेल्या कालवास किंवा शिंपल्यास तो मार्ग नाही. त्याच्यापुढे समायोजन किंवा मरण असे दोनच पर्याय उरतात आणि मोकळ्या झालेल्या जागी उष्णता सोसणारी दुसरी जात येऊन बसते. पाणी आत घेणाऱ्या मार्गात तर जिवांची अंडी, डिंभ आणि प्लवक यंत्रातून जातात. त्यांना उष्णतेबरोबर दाब, आघात आणि शेवाळ-शिंपले चिकटू नयेत म्हणून घातलेला क्लोरीन यांनाही तोंड द्यावे लागते.

या प्रकारच्या परिणामांची दखल कायद्यानेही घेतली. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या १९९८ सालच्या अधिसूचनेने समुद्राचे पाणी वापरणाऱ्या नव्या औष्णिक केंद्रांसाठी मर्यादा घातली. ग्राही जलाचे उष्णतामान मूळ उष्णतामानाहून ७ अंशांपेक्षा अधिक वाढू नये असे ठरले. येथे एक गोष्ट विचारात घ्यावी. ही मर्यादा फरकाची आहे, अंतिम उष्णतामानाची नाही. उत्तर कोकणच्या किनाऱ्यालगत हिवाळ्यात पाणी सुमारे २४-२५ अंशांवर असते, तर मे महिन्यात ते ३० च्या आसपास जाते. सात अंशांची भर जानेवारीत घातली तर पाणी जवळपास उन्हाळ्याएवढे होते. तीच भर मे महिन्यात घातली तर अनेक जातींच्या सोसण्याची सीमा ओलांडली जाते. आणि मूळ उष्णतामानच हवामानबदलामुळे वर सरकत असेल, तर नियम अक्षरशः पाळला जाऊनही जिवांवरील ताण दर दशकास वाढत राहील.

तारापूरच्या अनुभवावरून भावी समुद्राविषयी अनुमान करताना मात्र संयम हवा. येथील तापलेला पट्टा लहान आहे आणि त्याच्या चहूबाजूंस थंड पाणी आहे. त्या पट्ट्यात मेलेल्यांची जागा बाहेरून वाहत आलेले डिंभ पुन्हा भरून काढतात. सारा समुद्रच तापला तर हा बाहेरचा साठा उरणार नाही. म्हणून विसर्गाजवळ एखादी जात टिकून राहिली एवढ्यावरून ती तापलेल्या समुद्रातही टिकेल, असे म्हणता येत नाही. उलट तेथून जी जात नाहीशी झाली, तिच्याविषयीचा इशारा मात्र ग्राह्य धरावा. शिवाय या पट्ट्यात उष्णता एकटी येत नाही. तारापूर औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याचा प्रश्न मांगेला समाजाच्या परिषदेने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे नेला आणि जानेवारी २०२२ मध्ये न्यायाधिकरणाने त्यावर निर्णय दिला. रासायनिक सांडपाण्याने प्राणवायू घटलेल्या पाण्यात प्राण्याची उष्णता सोसण्याची शक्तीही घटते; कारण उष्णतेबरोबर शरीराची प्राणवायूची गरज वाढते आणि पाण्यातील प्राणवायू मात्र कमी होतो. दोन कारणे येथे केवळ बेरजेने वाढत नाहीत, ती एकमेकांस बळ देतात.

(५) सरकण्याच्या वाटा

ज्यांना हलता येते अशा जिवांचे मुख्य अनुकूलन म्हणजे स्थलांतर होय. याची भारतीय उदाहरणे आता उपलब्ध आहेत. विवेकानंदन आणि त्यांचे सहकारी यांनी २००९ च्या सुमारास दाखविले की, १९८५ पूर्वी तारली जवळजवळ केवळ ८ ते १४ अक्षांशांच्या दरम्यान, म्हणजे मलबारच्या पट्ट्यात पकडली जाई. पुढील दोन दशकांत १४ ते १६ अक्षांशांमधील, म्हणजे गोवे-मालवणकडील पकड वाढत गेली. बांगड्याच्या बाबतीत तळाशी ओढल्या जाणाऱ्या जाळ्यांतील प्रमाण वाढले. मासा खालच्या पाण्यात उतरू लागल्याचे ते लक्षण मानले गेले. चेन्नईसमोरच्या राणी माशांच्या दोन जातींनी तर विणीचा काळच एप्रिल-सप्टेंबरकडून ऑक्टोबर-मार्चच्या थंड महिन्यांकडे सरकविला. उत्तरेकडे, खोलीकडे आणि थंड ऋतूकडे, अशा या तीन वाटा झाल्या. पालघरच्या किनाऱ्याच्या दृष्टीने त्या कितपत मोकळ्या आहेत, हे पाहू.

उत्तरेची वाट. अटलांटिक किंवा पॅसिफिकमधील मासा ध्रुवाकडे हजारो किलोमीटर सरकू शकतो. अरबी समुद्र उत्तरेस बंद आहे. तारापूर सुमारे १९.८ अक्षांशावर आहे आणि मकरानचा किनारा साधारण २५ अंशांच्या थोडा पुढे आडवा पसरलेला आहे. मधील अंतर सुमारे सहाशे किलोमीटर. जगभरच्या निरीक्षणांचे २०१३ साली जे संकलन झाले, त्यात सागरी जातींच्या क्षेत्राची आघाडीची कड दर दशकास सरासरी ७२ किलोमीटर सरकताना आढळली. त्या वेगाने हे अंतर आठ-नऊ दशकांत संपते. हे भविष्यकथन नव्हे, केवळ मापाचा अंदाज आहे. परंतु जागा संपण्याचा काळ मनुष्याच्या एका आयुष्याएवढा आहे, हे त्यावरून कळते. शिवाय खंभातच्या आखाताजवळचे गढूळ, जोरदार भरतीचे पाणी ज्यांना मानवते, त्यांना पुढचा कोरडा व अधिक खारट किनारा मानवेलच असे नाही.

खोलीची वाट. अरबी समुद्रात सुमारे दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत प्राणवायूची तीव्र उणीव असलेला थर आहे. ‘माबाहिस’ जहाजावरून १९३३-३४ साली निघालेल्या जॉन मरे मोहिमेच्या निरीक्षणांतही ही उणीव स्पष्ट दिसली. या थराचा किनाऱ्याशी संबंध काय, हे मुंबईसमोरच्या निरीक्षणांवरून कारुथर्स, गोगटे, नायडू आणि लेवास्तू यांनी १९५९ साली ‘नेचर’मध्ये मांडले. हा प्राणवायुहीन थर समुद्रबूड जमिनीच्या उतारावरून किनाऱ्याकडे चढतो आणि त्याचा मासळीवर परिणाम होतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात व त्यानंतर उथळ पाण्यातही प्राणवायू घटतो आणि ही घट तीव्र होत आहे, हे नक्वी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली दाखविले. म्हणजे उष्णतेपासून सुटण्यासाठी खाली जावे तर खाली श्वासाची अडचण आहे. वरून ताप आणि खालून गुदमर यांच्यामध्ये राहण्याजोग्या पाण्याची जाडी कमी होत जाते.

ऋतूची वाट. ही वाट अन्नावर अवलंबून आहे. पिले ज्या वेळी बाहेर पडतात त्याच वेळी त्यांच्या तोंडाएवढे प्लवक हवे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी व सहकाऱ्यांनी २०१६ साली दाखविल्याप्रमाणे पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत वनस्पतिप्लवकांत वीस टक्क्यांपर्यंत घट झाली असावी. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात फुलणाऱ्या डायटमांची जागा चालू शतकाच्या आरंभापासून नॉक्टिल्युका या जिवाने घेतल्याचे गोम्स, गोस आणि इतरांनी २०१४ साली नोंदले. जेलीसारखे प्राणी त्यावर पोसतात. बहुतेक माशांच्या साखळीस त्याचा फारसा उपयोग नाही. पंगतीची वेळ बदलता येईल, पण पानात काय वाढले आहे तेही पाहिले पाहिजे.

या तिन्हींखेरीज एक चौथी वाट होती, ती जमिनीकडची. उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ ते २०१७ या काळात वर्षास सुमारे ३.३ मिलिमीटर वेगाने वाढली. पूर्वीप्रमाणेच तिवरे आणि खाडीतील जीव या पाण्याबरोबर आत सरकले असते. आता तेथे मिठागरे, रस्ते, वस्ती आणि धूपप्रतिबंधक बंधारे आहेत. सातपाटीसारख्या गावास बंधाऱ्यावाचून गत्यंतर नाही, हे कोणीही मान्य करील. तरीही पुढे समुद्र आणि मागे भिंत अशा स्थितीत भरती-ओहोटीचा पट्टाच अरुंद होतो, ही वस्तुस्थिती बदलत नाही. वाढवण येथील बंदरास केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मान्यता दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. त्या योजनेत समुद्रात १,४४८ हेक्टर भूमी निर्माण करावयाची आहे. तिचा विचार करताना आज तेथे कोणते जीव आहेत एवढेच मोजून भागणार नाही. तापत्या समुद्रात उद्या कोणत्या जिवांना त्या खडकांचा आसरा घ्यावा लागेल, हाही प्रश्न त्या मोजणीत आला पाहिजे.

(६) बोंबील आणि पापलेट

या किनाऱ्यावरील दोन प्रमुख मासळींकडे वरील दृष्टीने पाहता काही गोष्टी स्पष्ट होतात. बोंबलाचे क्षेत्र तुटक आहे. गुजरात आणि उत्तर महाराष्ट्रात तो विपुल. रत्नागिरीच्या दक्षिणेस विरळ होत जाऊन नाहीसा होतो. आणि पुन्हा आंध्र, ओडिशा व बंगालच्या किनाऱ्यावर भेटतो. दोन्हीकडे समान काय, तर मोठ्या नद्यांची मुखे, गाळाचे पाणी आणि जोराची भरती. तो जवळा आणि इतर लहान मासळीवर जगतो, प्रसंगी आपल्याच जातीची पिलेही खातो. हा बदलत्या क्षारतेस सरावलेला, चपळ वाढीचा मासा आहे. त्या अर्थी तो चिवट म्हणावा. परंतु त्याचे घर ठराविक प्रकारच्या पाण्याशी बांधलेले आहे आणि तसे पाणी तारापूरच्या उत्तरेस खंभातपुढे फारसे नाही.

बोंबलाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. त्याच्या शरीरात पाण्याचे प्रमाण अतिशय असते. तो टिकवावयाचा तर बांबूंच्या मांडवांवर उन्हा-वाऱ्यात वाळवावा लागतो. हे काम मुख्यत्वे बायकांच्या हातचे असून मोसम पावसाळ्यानंतरचा आहे. डिसेंबर २०१७ मधील ओखी वादळासारखा अवकाळी पाऊस आला म्हणजे समुद्रात मासा कितीही चिवट असो, मांडवावरील माल जातो. माशाने जुळवून घेतले म्हणजे मच्छीमाराचे जुळले असे होत नाही. दोहोंचे अनुकूलन निरनिराळ्या गतीने चालते.

पापलेटची गोष्ट वेगळी. सातपाटीचे नाव त्याच्याशी इतके जोडले गेले आहे की सप्टेंबर २०२३ मध्ये त्यास राज्यमाशाचा मान मिळाला तेव्हा या गावास ते अपरिचित वाटले नाही. हा मासा तुलनेने सावकाश वाढतो आणि त्याची पिले किनाऱ्यालगतच्या डोल जाळ्यांत सापडतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने ५४ जातींसाठी पकडण्याच्या किमान लांबीचा नियम केला. पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर ठरली. याचा हवामानाशी संबंध असा: उत्क्रांतीच्या मार्गाने जुळवून घ्यावयाचे तर जातीत वैविध्य आणि मोठी संख्या हवी, तसेच ताण सोसून उरलेल्यांना वीण घालण्याची संधी हवी. एकदाही वीण न घालता पिलू जाळ्यात गेले, तर ते उष्णता सोसणारे होते की नव्हते, हा प्रश्नच शिल्लक राहत नाही. समायोजन, स्थलांतर आणि उत्क्रांती या तिन्ही वाटांच्या तोंडाशी मनुष्याचे जाळे उभे आहे. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी न लोटण्याची जुनी रीत आणि आज पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै पाळावयाची बंदी यांचे मोल या प्रकाशात पाहिले पाहिजे.

(७) निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन गोष्टी हाती लागतात. पहिली: या किनाऱ्यावरील जीव जुळवून घेण्यास असमर्थ नाहीत, त्यांचा पूर्वेतिहासच त्याची साक्ष देतो. दुसरी: त्यांचे सामर्थ्य ज्या वाटांनी प्रकट होते त्या येथे भूगोलाने अरुंद केल्या आहेत आणि मनुष्याने त्या आणखी अडविल्या आहेत. भूगोल आपल्या हाती नाही; बंधारा कोठे घालावा, पाणी कोणत्या ऋतूत किती तापलेले सोडावे, सांडपाणी शुद्ध न करता सोडू द्यावे काय, पिले पकडावीत काय, हे आपल्या हाती आहे. हवामानबदलाचे कारण पुढे करून या गोष्टींची जबाबदारी टाळता येत नाही; उलट समुद्र तापत आहे म्हणूनच ती वाढते.

तिसरी गोष्ट आपल्या विद्याशाखेची आहे. मुंबईच्या बंदरात भरतीच्या पातळीची नोंद १८७८ पासून चालत आली, म्हणून आज समुद्राच्या चढण्याविषयी आपण निश्चितपणे बोलू शकतो. त्या नोंदी ठेवणाऱ्यांना त्यांचा हा उपयोग ठाऊक नव्हता. किनाऱ्यावरील जिवांसाठी असा अखंड लेखा आपल्यापाशी नाही. नवापूर, मुरबे, वाढवण अशा चार-सहा ठिकाणच्या ठराविक खडकांवर दर उधाणाच्या ओहोटीस कालवे, शिंपले व गोगलगाई मोजणे, त्याबरोबर पाण्याचे उष्णतामान, क्षारता व प्राणवायू टिपणे, आणि सातपाटीसारख्या गावांतील सहकारी संस्थांच्या वह्यांतील जुन्या पकडीच्या नोंदी, जाळे व नौका यांच्या तपशिलासह, उतरवून घेणे, या कामास मोठा खर्च लागत नाही, सातत्य लागते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या एका तुकडीने ते आरंभावे आणि पुढच्या तुकडीच्या हाती सोपवावे, असे हे काम आहे. मासळी का घटली, हा वाद किनाऱ्यावर पुन्हा उभा राहील तेव्हा निदान एका पक्षाच्या हाती मोजलेले काही असावे, आणि तो पक्ष पाण्यातल्या मुक्या जिवांचा असावा.